मंगळवारची सिस्टर

चेनवाल्या काकूंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. पँटची चेन बिघडली, बॅगेची तुटली, जॅकेटची मधेच अडकून बसली, की लोक सरळ त्यांच्या दाराशी येत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन, उजव्या हाताला चेनांचा पत्र्याचा डबा, डाव्या हाताला उसवायला आलेल्या कपड्यांचा ढीग. नवीन कपडे काकू घेतच नसत. "नवीन शिवणारे पुष्कळ आहेत, बिघडलेलं सुधारायला कोण बसलंय?" असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची नजर हमखास आतल्या खोलीकडे जायची. आतल्या खोलीत मास्तर असायचे.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो ब्रेक म्हणजे मधला!" असं ओरडून ओरडून त्यांचा घसा कायमचा घोगरा झाला होता. घरात शिरले की मात्र तोंडाला कुलूप. "वाढू का?" "हं." "मीठ बरोबर आहे?" "हं." काकूंचा आख्खा संसार या हुंकारावर चालला होता, आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता. कुठल्या हुंकाराचा अर्थ काय, हे काकूंना बिनचूक कळायचं.

मग मास्तरांना शुगर निघाली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. निघाली त्या दिवसापासून ती काकूंनी आपलीच समजून सांभाळली. गोळ्या त्यांच्या ताब्यात, ताट त्यांच्या ताब्यात, बिस्किटांचा डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला. पुढे गोळ्यांनी भागेना, इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा ती सुईही काकूंच्याच हातात आली. सुईची त्यांना काय नवलाई! पोटाची कातडी चिमटीत धरायची, टोचायचं, दहापर्यंत मोजायचं, काढायचं. मास्तर तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. भर रहदारीत नवशिक्याच्या हाती गाडी देऊन शेजारी बसणारा हा माणूस स्वतःच्या रक्ताचा एक थेंब बघू शकत नव्हता. शुगर तपासायला बोट टोचायची वेळ आली की दात आवळायचा आणि मान फिरवायचा.

एकदा असं झालं, की इन्सुलिन घेऊन मास्तर कामावर गेले आणि जेवायचे राहिले. घरी आले ते घामाने निथळत. काहीच्या बाही बोलायला लागले, काकूंना "पुढची गाडी बघा, बाई" म्हणाले, आणि दारातच बसकण मारली. काकूंनी साखरेचं पाणी चमच्याचमच्याने घशात ओतलं. पंधरा मिनिटांनी मास्तर माणसात आले आणि त्यांनी विचारलं, "माझा शर्ट ओला कसा झाला?" त्या दिवशी आपण यांना ओढून परत आणलं, असं काकू म्हणत. ते खोटं नव्हतं.

तर अशी ही शुगर. आजार मास्तरांचा, पण मालकी काकूंची.

मालकीला धक्का लागला तो मास्तरांच्या पायामुळे. उजवा पाय बधिर व्हायला लागला. पाय ब्रेकवर टेकलाय की नाही हेच कळेना, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना गाडीतून उतरवून ऑफिसात खुर्ची दिली. आता ते पोरांना भिंतीवरच्या तक्त्यावरची चिन्हं शिकवत. इथे वळू नका, इथे थांबा, इथे भोंगा वाजवू नका. त्यानंतर घरातला हुंकारही कमी झाला आणि शुगर मात्र चढत गेली. हॉस्पिटल दोन बस बदलून जायचं. तिथे अर्धा दिवस बाकावर आणि डॉक्टरांसमोर जेमतेम दोन मिनिटं. मुलगी परगावी होती. तिने फोनवरून सगळं जमवलं. त्या हॉस्पिटलात शुगरच्या लोकांसाठी एक सिस्टर असते, ती दर मंगळवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलेल, लागेल तेव्हा डॉक्टरांनाही विचारेल. मुलीने एक छोटं नवीन मशीनही पाठवलं. बोट टोचून पट्टीवर थेंब लावला, की आकडा आपोआप फोनमध्ये आणि फोनमधून सिस्टरकडे.

"म्हणजे मी काय करायचं?" काकूंनी मुलीला विचारलं.

"तू आराम कर की आई," मुलगी म्हणाली.

आराम हा शब्द काकूंना कधीच आवडला नव्हता.

पहिल्या मंगळवारी जेवायच्या टेबलावर बरणीला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर चष्मा लावलेली, चाळिशीची एक बाई आली. मागे फळीवर एक कुंडी आणि एक निळा मग. "नमस्कार काका," ती म्हणाली, "कसे आहात?" काकू दारात उभ्या होत्या. मास्तर आता "हं" म्हणणार आणि मग आपल्याला पुढे होऊन सगळं सांगावं लागणार, म्हणून त्या पदर सावरून तयारच होत्या.

मास्तर बोलायला लागले. एकदा लागले ते थांबेचनात. पायाला रात्री आग होते म्हणाले. झोप तुटते म्हणाले. गाडी सुटली त्या दिवशी दुपारी बागेत जाऊन बसलो होतो, घरी यावंसंच वाटेना, असंही म्हणाले. शेवटी तर त्यांनी चप्पल काढून पाय जेवायच्या टेबलावर ठेवला आणि तळवा फोनसमोर धरला. जेवायच्या टेबलावर! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती टेबलासाठी नव्हती. बागेचं त्यांना माहीत नव्हतं. रात्रीच्या आगीचंही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका छताखाली काढून आपल्या नवऱ्याला रात्री झोप लागत नाही हे त्यांना एका परक्या बाईच्या फोनवरून कळत होतं.

आपण कधी विचारलं होतं का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. गोळी घेतली का, जेवलात का, पायात मोजे घातले का, हे सगळं विचारलं होतं. कसं वाटतंय, हे विचारायला वेळ कुणाला होता? नुसतं खुर्चीत बसून गोड बोलायचा पगार मिळत असता तर मीही विचारलं असतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि जाऊन मशीनवर बसल्या.

त्यानंतर मंगळवार आला की काकूंच्या पोटात दुखायला लागायचं. मास्तर सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसत. काकू पुढच्या खोलीत नेमकं जाड कापडाचं काम काढत. जाड कापडावर मशीनचा आवाज जास्त येतो.

"अगं, जरा थांबव ना मशीन, सिस्टरचं ऐकू येत नाही!"

"गिऱ्हाईक खोळंबलंय," काकू म्हणत. गिऱ्हाईक असायचंच असं नाही.

मशीन थांबवलं तरी पंचाईत, कारण मग सगळं ऐकू यायचं. सिस्टर म्हणे, जेवणाआधी चालून या. आणि ज्या माणसाला काकू वर्षानुवर्षं चला म्हणून कानीकपाळी ओरडत होत्या तो दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागला. सिस्टर म्हणे, ताटाचा फोटो पाठवा. आणि मास्तर घास घ्यायच्या आधी उभे राहून काकूंच्या ताटाचा वरून फोटो काढायला लागले. एकदा सिस्टर म्हणाली, "भाजी आणखी थोडी वाढवायला सांगा काकूंना." सांगा! काकूंना! जशी काही काकू तिच्याकडे स्वयंपाकाला होती. काकूंनी त्या दिवशी भाजी इतकी वाढली की मास्तरांच्या ताटात दुसरं काही ठेवायला जागा राहिली नाही.

शुगर उतरायला लागली. हेच तर जास्त लागलं. नसती उतरली तर काकूंनी दोन शब्द ऐकवून मन मोकळं केलं असतं. पण आकडे खाली येत होते, आणि मास्तर येईल त्याला सांगत होते, "आमच्या सिस्टरची जादू आहे." चेन बदलायला आलेल्या बायकांनाही सांगत. काकू तोंडात टाचण्या धरून ऐकत. टाचण्या नसत्या तर काय बोलल्या असत्या ते टाचण्यांनाच ठाऊक.

मग एका मंगळवारी सिस्टरने आणखी एक काम हिसकावून घेतलं. "काका, इन्सुलिन तुमचं तुम्ही घ्यायला शिका ना. पोटाकडे बघायचंही कारण नाही, मी सांगते तसं करा." आणि मास्तर शिकले. एकाच मंगळवारात. पुढच्या मंगळवारपासून तर ते तिच्यासमोरच डोस घ्यायला लागले, म्हणजे ती "वा काका!" म्हणते. काकूंच्या हातात आता एवढंच उरलं, सकाळी बोट टोचायचं. रक्ताची भीती काही मास्तरांची गेली नव्हती. पण तेही काम पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. पूर्वी काकू आकडा बघत, चेहरा गंभीर करत आणि त्यावर त्या दिवसाचं जेवण ठरवत. आता आकडा परस्पर तिकडे जायचा. काकूंनी रागाने आकडा बघणंच सोडून दिलं. ज्या बाईला हवाय तिने बघावा! थेंब लावला, टुंग वाजलं, की त्या मशीन बंद करून पिशवीत टाकत. मास्तरांना तर सिस्टरने सांगूनच ठेवलं होतं, की रोज आकड्यापायी जीव घाबरा करून घेऊ नका, मंगळवारी आपण मिळून बघू.

मिळून!

एवढं सगळं काकूंनी गिळलं. वाढदिवसाचं मात्र त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

मास्तरांचा वाढदिवस मंगळवारी आला. नवीन कपडे न शिवणाऱ्या काकूंनी गुपचूप एक शर्ट शिवला होता, फिकट राखाडी, आत दुहेरी शिलाई. संध्याकाळी जेवताना द्यायचा, तेव्हाच शुभेच्छा द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी कॉल लागला आणि पहिलंच वाक्य आलं, "काका, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!" तिच्याकडच्या कागदांत जन्मतारीख होती, त्यात काय मोठंसं! पण मास्तर हसले. तोंडभर हसले. तिने पुढे बरंच सांगितलं: हा आठवडा रोज सकाळी उपाशीपोटी तपासा, पुढच्या मंगळवारी डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनचं नक्की करू. मास्तरांनी सगळ्याला मान हलवली आणि कॉल संपल्यावर पुढच्या खोलीत येऊन काकूंना म्हणाले, "सिस्टरच्या लक्षात होतं बघ."

काकूंनी हातातली पँट बाजूला ठेवली. त्यांना रडू आलं नाही, त्या रडणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्या उठल्या, दुकानात गेल्या, लोणी आणलं, साखर आणली, अंडी आणली, आणि दुपारभर खपून भला मोठा केक केला. संध्याकाळी शर्ट दिला. मास्तर "हं, छान आहे" म्हणाले. मग केक समोर आला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"अगं, पण सिस्टर म्हणाली आहे..."

"तुमच्या सिस्टरने केलाय का केक? मी केलाय."

मास्तरांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला, आणि तो मात्र डोळे मिटून, मनापासून. काकू समोर बसून बघत होत्या. पडद्यातली बाई हे देऊ शकत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि फार दिवसांनी त्यांना गार वाटलं.

गारवा सकाळपर्यंत टिकला. सकाळी बोट टोचायला बसल्या आणि लक्षात आलं, की केक आता थेंबातून थेट तिकडे जाणार. मंगळवारी ती चष्मा वर करून विचारणार, "काका, केक कुणी केला?" आणि मास्तर सांगणार, कारण तिला ते सगळंच सांगतात. मग मुलीला फोन. मग "आई, तू सुद्धा ना." काकूंना हे सगळं आत्ताच ऐकू यायला लागलं.

मास्तर नेहमीप्रमाणे मान फिरवून कॅलेंडर बघत होते. त्यांच्या बोटावर थेंब आला होता. काकूंनी तो कापसाने पुसला, नवी सुई लावली आणि आपल्या बोटात खुपसली. काही येईना. जन्मभर सुया टोचून टोचून त्यांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती.

"झालं का?" मास्तर भिंतीला विचारते झाले.

"थांबा हो, येत नाहीये तुमचं रक्त."

दुसरं बोट टोचलं, मुळापासून पिळलं, थेंब आला, पट्टीला लावला. टुंग. काकूंनी मशीन बंद करून पिशवीत टाकलं. आकडा बघायची त्यांना गरजच वाटली नाही. तो चांगलाच असणार. शुगर मास्तरांना होती, काकूंना नव्हती. जशी दाढी मास्तरांना होती, काकूंना नव्हती. त्यात तपासून बघण्यासारखं काय होतं?

केक संपेपर्यंत असंच करायचं, असं ठरलं होतं. केक दोन-तीन दिवसांत संपला. पण मग वाटलं, आज एकदम वेगळं रक्त लावलं तर तिच्या लगेच ध्यानात येईल. म्हणून आठवडा तसाच पुरा केला. रोज सकाळी नवरा-बायकोची दोघांची बोटं टोचली जात होती आणि एकालाच ते ठाऊक होतं. काकू खूश होत्या. या मंगळवारी आकडे इतके छान असणार, आणि ते केक खाऊन छान असणार. आता घाल म्हणावं तुझी भाजी.

मंगळवारी त्यांनी शिलाई मशीन मुद्दाम बंद ठेवलं. ऐकायचं होतं.

"काका," सिस्टरचा आवाज आला, "काय झालं या आठवड्यात? ताप होता? कुठे जखम झाली?"

"नाही बुवा. का?"

"आकडे बघते आहे. रोज सकाळी अडीचशेच्या वर. एखादा दिवस नाही, रोज."

काकूंची मान वर झाली. खोटं बोलतेय ही, असं आधी वाटलं.

मास्तरांचा आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा झाला. "सिस्टर, मी केक खाल्ला होता. वाढदिवसाला. आणि नंतर उरलेला. बायकोने केला होता."

सांगितलंच शेवटी! काकूंनी ओठ चावला. पण सिस्टर चिडली नाही. "केकने एखादा दिवस वर जाईल हो काका, आठवडाभर नाही राहणार. मी डॉक्टरांशी बोलले सकाळी. ते म्हणाले, रोजच असं असेल तर इन्सुलिन वाढवूया. आजपासूनच सहा युनिट जास्त घ्या, आणि दोन दिवसांत इथे दाखवायला या. घाबरायचं नाही. इन्सुलिनचं पेन आहे ना जवळ?"

"आहे," मास्तर म्हणाले. मग पेनची चकती फिरवल्याचा आवाज आला, टक टक टक, आणि नेहमी थांबतो तिथे तो थांबला नाही.

त्या टकटकीवर काकूंच्या डोक्यात उजेड पडला. तिकडे गेलेले आकडे मास्तरांचे नव्हते. मास्तरांची शुगर मुळात उतरलेली होती, आणि त्या उतरलेल्या शुगरवर आता सहा जास्त. त्यांना दारात बसलेले, घामाने निथळणारे, बायकोला न ओळखणारे मास्तर दिसले. मशीन बिघडलंय म्हणावं, असं एक खोटं लगेच सुचलंही. तेवढ्या खोट्यावर अब्रू वाचली असती. पण मशीन बिघडलंय म्हटल्यावर ती आणखी काय काय विचारणार, मास्तर काय म्हणणार, आणि दारातून दिसत होतं, मास्तरांनी तर शर्ट वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली होती.

"थांबा!" काकू आत धावल्या. वाटेत खुर्ची पडली. "टोचू नका! ते रक्त तुमचं नाही. माझं आहे."

मास्तरांचा हात हवेत राहिला. "काय तुझं?"

"आठवडाभर मी माझं बोट टोचत होते. तुमचं पुसून टाकत होते. केक दिसू नये म्हणून." काकूंनी पडद्याकडे बघितलं नाही. "हिला दिसू नये म्हणून."

मग मास्तरांचा तो गाडीतला आवाज फुटला, घरात कधीच न निघालेला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझ्या जिवाशी खेळलीस? काय समजतेस काय तू स्वतःला? ही बाई तिकडून..."

"काका," सिस्टर म्हणाली, "पेन खाली ठेवा आधी."

मास्तरांनी पेन ठेवलं.

"आता बोट पुढे करा. काकू, तुम्हीच टोचा. मला दिसेल असं."

काकूंनी टोचलं, थेंब पट्टीला लावला. टुंग. या वेळी काकूंनी आकडा बघितला. एकशे अठरा. "छान," सिस्टर म्हणाली, "म्हणजे काकांचा डोस आहे तोच. तो घ्या काका आत्ता, आणि नाश्ता करा. सहा वाढवायचे नाहीत."

झालं, आता आपली पाळी, असं काकूंना वाटलं. ही बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क आहे. मुलीला कळणार, गल्लीला कळणार, चेनवाली नवऱ्याच्या जिवावर उठली होती म्हणून. उद्यापासून बोट टोचायचंही काम जाणार.

"काकू, बसा ना खुर्चीवर. मला नीट दिसू द्या तुम्हाला."

काकू बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. या टेबलाशी त्या रोज वाढायला उभ्या राहत, पण फोनसमोर आज पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"माझं रक्त चांगलं असणार, असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यात काय चुकलं?"

"काकू," सिस्टर हळू म्हणाली, "ते अडीचशे कुणाचे मग?"

काकूंनी आपल्या टोचलेल्या बोटांकडे बघितलं. मास्तरांनी खाली पडलेली खुर्ची उचलली होती, ती तशीच हातात धरून ते उभे राहिले.

"काका, काकू रात्री उठतात का हो?" सिस्टरने विचारलं.

"रात्री? उठत असेल. म्हणजे... माझं लक्ष नाही."

"पाणी जास्त पितात का हल्ली?"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. "असेल."

"वजन कमी झालंय?"

मास्तर बघतच राहिले, जणू ही बाई त्यांच्या घरात आजच आली होती. "मला काही सांगता येत नाही, सिस्टर," ते शेवटी म्हणाले. इन्सुलिनच्या एकेका युनिटचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस एकाही प्रश्नाला उत्तर देऊ शकला नाही, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"काकू, तुम्ही सांगा," सिस्टर म्हणाली. "कसं वाटतंय तुम्हाला?"

हा प्रश्न काकूंना सरळ सरळ कुणी विचारला नव्हता. कधी विचारला असलाच, तर तेही आठवेना. काय सांगायचं असतं यावर, ते त्यांना पटकन कळलं नाही. मग त्या सांगायला लागल्या. तहान लागते, उन्हाळा आहे म्हणून असेल असं वाटलं, पण उन्हाळा जाऊनही लागते. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून दोऱ्याचं दुकान बदललं, मग दिवा बदलला. कपडे सैल झाले म्हणून आत घेतले, पुन्हा सैल झाले, पुन्हा घेतले, आणि मनात खूश झाले की अजून बांधा टिकून आहे. दुपारी मशीनवर डोकं टेकून बसावंसं वाटतं, पण टेकवत नाही, कारण एकदा टेकवलं तर उठायचं कुणासाठी, असं वाटतं हल्ली. यांचं सगळं तुम्ही घेतलंत. गोळ्या घेतल्या, ताट घेतलं, सुई घेतली. माझा फार जळफळाट व्हायचा तुमच्यावर. तुमचा तो निळा मग सुद्धा मला बघवायचा नाही.

पुढच्या दारात कुणीतरी "काकू, चेन झाली का?" म्हणून हाक मारली. मास्तर खुर्ची खाली ठेवून लगबगीने बाहेर गेले. "नंतर या," त्यांचा दबका आवाज आला, "ती बोलतेय." मग ते परत आले, पण आत शिरले नाहीत. आपल्याला कुणी आत बोलवतंय का, हे बघत दाराच्या चौकटीशी उभे राहिले.

"घरच्या मशीनवर आपण काही पक्कं ठरवत नाही," सिस्टर म्हणाली. "उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्या. डॉक्टर बघतील. लवकर कळलंय काकू, ही चांगलीच गोष्ट झाली. आणि तुम्हाला शुगर सांभाळायला मी काय शिकवणार! बरं, मंगळवारी काकांची वेळ आहेच, त्यातच बसवू दोघांना. अर्धा वेळ त्यांचा, अर्धा तुमचा. चालेल?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. चौकट सोडून ते एक पाऊल आत आले.

"नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली. "माझं वेगळं लावा, सिस्टर. त्यांच्यातलं अर्धं मला नको."

"वेगळं कशाला?" मास्तर म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, आणि त्यात एक बारीकशी कळ होती. काकूंनी ती लगेच ओळखली, ती आठवडे न् आठवडे त्यांच्याच पोटात मुक्कामाला होती. "मी बसेन की शेजारी. मलाही कळेल ना, तुझं काय चाललंय ते."

"तुम्हाला नंतर सांगेन," काकू म्हणाल्या, "विचारलंत तर."